अमेरिकेत पहिला ट्रक घेताना: आधी टेप, मग ॲव्हरेज

आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या गोण्या लादून उभी असलेली बोलेरो, नाहीतर गल्लीतला छोटा हत्ती. धंद्याची गाडी. ती घेऊन लग्नाला गेलात तर मांडवाचं सामान उतरवायला आलात का, असं कोणीतरी नक्की विचारेल. टेक्सासमध्ये आलो त्या पहिल्या आठवड्यातच हे सगळं उलटं झालं. दातांचा डॉक्टर, शाळेतल्या बाई, बँकेतला मॅनेजर, जो तो पिकअपमधून उतरताना दिसायचा. मागचा हौदा रिकामा, धुतल्यासारखा स्वच्छ, आणि आत लेदरच्या सीटा. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून दरवर्षी इथला सर्वांत जास्त खपणारा पिकअप आहे. म्हणजे हे खूळ एका पिढीचं नाही.

दोनेक वर्षांत आपल्यालाही तो मोह होतो. मला झाला, माझ्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांना झाला. दर उन्हाळ्यात कोणीतरी फोन करून विचारतं, "ट्रक घेतोय, ॲव्हरेज किती देतो?" प्रश्न बरोबर आहे, पण तो चौथा प्रश्न आहे. त्याआधीचे तीन, तो स्वतः आणि नंतरचा एक, असे पाच इथे पायरी-पायरीने लिहितो.

सुरुवात शब्दांपासून. इथे 'ट्रक' म्हणजे पिकअप. आपण ज्याला ट्रक म्हणतो तो इथला 'सेमी'. पेट्रोल म्हणजे 'गॅस'. आणि जुन्या गाडीवाल्याला "मायलेज किती?" असं विचारलंत तर तो गाडी आजवर किती मैल पळाली ते सांगेल, ८० हजार म्हणेल आणि तुम्ही दचकाल. ॲव्हरेजसाठी 'एमपीजी' म्हणा, म्हणजे गॅलनमागे मैल. त्याचं आपल्या किलोमीटर-लिटरमध्ये रूपांतर तोंडी होतं: आकडा निम्मा करा, त्यातून पंधरा टक्के काढा. २० एमपीजीचे निम्मे १०, पंधरा टक्के गेले, साडेआठचं ॲव्हरेज. ३७ एमपीजी म्हणजे पावणेसोळाच्या आसपास. साडेआठ ऐकून आपला जीव खालीवर होतो. इथल्या माणसाचा होत नाही. का, ते पुढे येईलच.

पायरी १: टेप घेऊन गॅरेजमध्ये जा

हसू नका. माझी फजिती इथेच झाली. डीलरकडच्या मोकळ्या मैदानात सगळे ट्रक बेताचेच वाटतात. मी चार दारांचा, साडेसहा फुटी हौद्याचा ट्रक पसंत केला, सही केली, घरी आणला आणि गॅरेजमध्ये घातला. नाक समोरच्या भिंतीला टेकलं तरी मागचं शटर खाली येईना. बायको दारात उभी राहून बघत होती. एक अक्षर बोलली नाही, ते जास्त लागलं. गॅरेजची खोली होती २० फूट, म्हणजे २४० इंच. असे ट्रक साधारण २४१ ते २४५ इंचांचे असतात. चार इंचांपायी पुढची तीन वर्षं तो ट्रक गारांच्या पावसात बाहेर उभा राहिला.

तेव्हा आधी गॅरेजची खोली मोजा. शटरच्या आतल्या बाजूपासून समोरच्या भिंतीपर्यंत, आणि त्या भिंतीला वॉटर हीटर किंवा शेल्फ असेल तर त्याच्या कडेपर्यंत. त्यातून दोन फूट वजा करा, चालायला वाट हवी. मग दाराची रुंदी. फुल-साइज ट्रक आरसे सोडून साधारण ८० इंच असतो आणि आरसे धरून ८ फुटांपर्यंत जातो. एका गाडीचं गॅरेजदार बहुतेक घरांत ८ किंवा ९ फुटांचं असतं. उरलेली जागा किती कमी आहे, ते मुलांच्या सायकलींना आधी कळेल.

ऑफिस शहरात असेल तर पार्किंगच्या इमारतीबाहेर टांगलेली उंचीची पाटीही वाचा. बऱ्याच ठिकाणी ६ फूट ८ इंच लिहिलेलं असतं. कारखान्यातून आलेला ट्रक त्याखालून जातो. पण हौसेने लिफ्ट किट लावून मोठे टायर चढवले की रस्त्यावरच जागा शोधत फिरायचं.

पायरी २: वर्षाचं पंचांग मांडा

एक कागद घ्या आणि गेल्या वर्षात ट्रक असता तर कोणत्या दिवशी खरंच कामाला आला असता, ते लिहा. "लागू शकतो" नको, "लागला असता" लिहा. माझ्या पहिल्या कागदावर सात नोंदी निघाल्या: होम डेपो या घरबांधणीच्या सामानाच्या दुकानातून आणलेलं प्लायवूड, बागेसाठी माती, सोफा, दोन मित्रांचं घर बदलणं, आणि गणपतीच्या मखराच्या दोन फेऱ्या. वर्षातले सात दिवस. उरलेले सगळे दिवस मी एकटा, एक डबा आणि लॅपटॉप.

आता त्या सातांतले किती दिवस भाड्याच्या ट्रकवर निघतील ते बघा. होम डेपो तासावर ट्रक देतं, यू-हॉल दिवसावर देतं. सातचे सातही निघत असतील तर तुम्हाला ट्रक लागत नाही, ट्रक हवा आहे. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. इथे अनेकजण त्याच कारणाने घेतात, उंच बसायला आवडतं म्हणून, मागच्या सीटवर तीन मुलं मावतात म्हणून. फक्त कोणत्या खात्यावर पैसे पडताहेत ते माहीत असावं. 'हवा'साठी घेणाऱ्याने टो करण्याची, म्हणजे मागे ट्रेलर ओढण्याची, ताकद विकत घेऊ नये. तिथेच पैसे फुकट जातात.

पायरी ३: चार साइज, आणि मधल्या साइजची गोम

सर्वांत लहान फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांता क्रूझ. यांची बांधणी कारसारखी, वेगळी चासी नाही. हौदा चार-साडेचार फुटी. मॅव्हरिक २०२२ च्या मॉडेलपासून आली, अडीच लिटरच्या हायब्रिड इंजिनावर, एकूण ३७ एमपीजी आणि शहरात ४२. ट्रकवाल्या देशात असली बाहुली कोण घेणार, असं पुष्कळ जाणकार म्हणत होते. पहिल्याच वर्षी मागणी इतकी आली की फोर्डला त्या वर्षाचं बुकिंग बंद करावं लागलं. अमेरिकन माणसाला ॲव्हरेज नकोच असतं हा समज तिथे खोटा पडला. त्याला ॲव्हरेजवाला ट्रक कोणी दाखवलाच नव्हता.

त्यावर मिड-साइज: टोयोटा टॅकोमा, शेव्ही कोलोरॅडो, फोर्ड रेंजर, निसान फ्रंटिअर, जीप ग्लॅडिएटर, होंडा रिजलाइन. रिजलाइनच्या हौद्याखाली एक कुलूपबंद डिकी आहे आणि तिला पाणी काढायचं बूच आहे. लोक त्यात बर्फ भरून पिकनिकला जातात. त्यावर फुल-साइज, ज्याला इथे 'हाफ-टन' म्हणतात: फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो १५००, जीएमसी सिएरा, रॅम १५००, टोयोटा टंड्रा. अर्धा टन वाहून नेणारा, असा त्या नावाचा जुना अर्थ. आजचे त्याहून बरंच जास्त नेतात, नाव मात्र राहिलं. आणि सर्वांत वर हेवी-ड्यूटी, २५०, २५०० आणि पुढचे. घोडे, मोठी बोट, बॉबकॅटसारखं माती उचलायचं यंत्र ओढायचं नसेल तर त्या बाजूला बघूही नका.

आता गोम. नवख्या माणसाला वाटतं की फुल-साइजवरून मिड-साइजवर आलो की ॲव्हरेज सुधारणार. तसं होत नाही. फोर-व्हील-ड्राइव्ह मिड-साइज ट्रक विसाच्या आगेमागे देतात, आणि २.७ लिटरच्या टर्बो इंजिनाची एफ-१५०ही विसाच्याच आगेमागे देते. लहान ट्रकची वाऱ्यापुढची छाती तेवढीच चौकोनी, चासी तशीच जड, आणि मोठ्यांना मिळालेलं महागडं तंत्र लहानांना उशिरा मिळतं. मग किमतीत फार फरक नसेल तर गिऱ्हाईक म्हणतं, द्या मोठाच. त्यात वेडेपणा काही नाही.

म्हणून साइज आणि ॲव्हरेज हे दोन निर्णय वेगळे ठेवा. गॅरेज आणि पार्किंग अडचणीचं असेल तर मिड-साइज घ्या. ॲव्हरेज हवं असेल तर थेट हायब्रिडकडे जा, मग ती मॅव्हरिक असो की हायब्रिड एफ-१५०. "थोडा लहान घेतो, गॅस वाचेल" हा तिसरा मार्ग मोहक आहे, पण त्यात वाचत काही नाही.

मध्येच थोडा इतिहास: लहान ट्रक गेले कुठे?

जुन्या रेंजर किंवा टोयोटाच्या छोट्या पिकअप अजून रस्त्यावर दिसतात, आपल्या बोलेरोएवढ्या. तसे नवे का मिळत नाहीत, हे प्रत्येकजण विचारतो. एक कारण चक्क कोंबडी आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सरकारने उलट जकात लावली. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, सगळ्यांवर २५ टक्के, १९६४ पासून. बाकीच्यांवरची पुढे गेली, ट्रकवरची राहिली, म्हणून बाहेरून लहान ट्रक आणणं परवडत नाही. आजही तिला 'चिकन टॅक्स' म्हणतात. भारतात २०२२ पासून मिळणारी टोयोटा हायलक्स अमेरिकेत मिळत नाही. तिच्या जागी १९९५ मध्ये इथल्यासाठी वेगळी टॅकोमा आली.

दुसरं कारण ॲव्हरेजचाच कायदा. तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये तो झाला तेव्हा पिकअपला कामाची गाडी मानून कारपेक्षा सैल नियम मिळाले. पुढे २०११ च्या मॉडेलपासून तर चाकांमधल्या चौकोनाच्या क्षेत्रफळावर उद्दिष्ट ठरू लागलं: चौकोन मोठा, तर अपेक्षित ॲव्हरेज कमी. म्हणजे लहान ट्रक बनवणाऱ्याला परीक्षा अवघड आणि मोठा बनवणाऱ्याला सोपी. त्याच २०११ च्या डिसेंबरात मिनेसोटातल्या सेंट पॉलचा रेंजरचा कारखाना बंद झाला. रेंजर अमेरिकेत परत आली ती २०१९ मध्ये, चांगलीच अंगाने भरून.

पायरी ४: ॲव्हरेजचं गणित, पण गॅलनमध्ये

एमपीजी हा फसवा आकडा आहे. वर्षाला १२ हजार मैल धरा. १२ एमपीजीच्या ट्रकवरून १५ च्या ट्रकवर गेलात तर गॅस १००० गॅलनवरून ८०० वर येतो, २०० गॅलन वाचले. ३० वरून ४० वर गेलात तर ४०० वरून ३००, म्हणजे वाचले फक्त १००. दिसायला दहाची उडी तीनच्या उडीपेक्षा मोठी, खिशात मात्र निम्मी. म्हणून ट्रकच्या जगात दोन-तीन एमपीजीला नाक मुरडू नका. १८ आणि २१ यांतला फरक खरा फरक आहे.

आता २० च्या फुल-साइजची आणि ३७ च्या मॅव्हरिक हायब्रिडची तुलना करा. एकीला ६०० गॅलन, दुसरीला सव्वातीनशेच्या आत. वाचले पावणेतीनशे गॅलन. गॅस ३ डॉलर धरला तर वर्षाला सव्वाआठशे डॉलर, महिन्याला सत्तरच्या आत. इथे अमेरिकन माणसाचं मन कळतं. ट्रकचा हप्ताच महिन्याला सात-आठशे डॉलर असेल तर सत्तर डॉलरसाठी तो मागची ऐसपैस सीट सोडत नाही. गॅसवरचा केंद्राचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच थांबलाय, त्यामुळे पंपावर चटका असा बसतच नाही. बसतो तेव्हा मात्र सगळे एकदम जागे होतात. २००८ च्या उन्हाळ्यात गॅस ४ डॉलरवर गेला तेव्हा मोठे ट्रक डीलरांच्या आवारात पडून राहिले. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी पहिल्यांदा ५ डॉलरला टेकली तेव्हा पुन्हा हायब्रिडची चौकशी सुरू झाली. भाव उतरला की चौकशीही उतरते. सेकंडहँड मोठा ट्रक घ्यायचा तर भाव चढल्यावर घ्या आणि हायब्रिड भाव उतरल्यावर. गर्दीच्या उलट चाललात तर दोन पैसे सुटतात.

खिडकीवर चिकटवलेल्या कागदावर शहर, हायवे आणि एकत्रित असे तीन आकडे असतात. एकत्रित बघा. खाली वर्षाचा गॅसचा खर्च छापलेला असतो, तो १५ हजार मैल धरून. तुमचे मैल कमी असतील तर त्या प्रमाणात कमी करा. आणि सामानासकट कमाल वजन ८,५०० पौंडांवर असलेल्या ट्रकना, म्हणजे बहुतेक हेवी-ड्यूटींना, हा एमपीजीचा आकडा छापायची सक्तीच नाही. रिकामा कागद बघून सेल्समनला विचारलंत तर तो गोड हसतो.

पायरी ५: दारातलं स्टिकर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीच्या खांबावर पिवळी पट्टी असलेलं पांढरं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. हा पेलोड. जाहिरातीतला मोठा आकडा त्या जातीच्या सर्वांत हलक्या ट्रकचा असतो. स्टिकरवरचा आकडा तुमच्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकचा, त्याच्या सनरूफ आणि गरम सीटांचं वजन वळतं करून.

समजा स्टिकर म्हणतं १,४८० पौंड. जाहिरात म्हणते ११ हजार पौंड ओढतो. तुम्ही पाच मोठी माणसं, सरासरी १७० पौंडांची, म्हणजे ८५० गेले. उरले ६३०. मागे ५ हजार पौंडांची ट्रेलर लावली. ट्रेलरच्या वजनाचे १० ते १५ टक्के हुकावर, म्हणजे ट्रकच्याच पाठीवर येतात. १२ टक्के धरले तर ६००. उरले ३० पौंड. ओढण्याची निम्मीही ताकद वापरली नाही आणि ट्रक भरला. कूलर, आजीची बॅग आणि चकल्यांचा डबा घरी ठेवा. टोसाठी ट्रक घेणारे बहुतेक लोक हुकाच्या आकड्यावर भाळतात, आणि संपतो नेहमी दारातला आकडा.

ट्रेलर लावली की ॲव्हरेज जवळपास निम्मं होतं, हेही धरून चाला. २० चा ट्रक १० देईल. तो बिघडलेला नसतो.

इंजिन आणि बाकीचं, भराभर

फोर-व्हील-ड्राइव्ह एक-दोन एमपीजी खातो. बर्फाळ मिशिगन-मिनेसोटात घ्याच, डॅलस-ह्यूस्टनमध्ये हौस आहे. जाड खोबणीचे ऑल-टेरेन टायर दिसतात झकास, आवाज करतात आणि गॅस पितात. टर्बो व्ही-६ (सहा सिलिंडरचं इंजिन) हलक्या पायाला चांगलं ॲव्हरेज देतं, जड पायाला आठ सिलिंडरच्या व्ही-८ पेक्षा जास्त देत नाही. शेव्हीचं ३ लिटर डिझेल हायवेवर खरोखर कमाल आहे, पण डिझेल इथे बहुधा गॅसपेक्षा महाग असतं आणि शाळेच्या फेऱ्यांना ते इंजिन मानवत नाही. रॅम टीआरएक्ससारखा राक्षस एकत्रित १२ देतो, म्हणजे आपले पाच. तो घेणाऱ्याला हा लेख लागत नाही. इलेक्ट्रिक ट्रकवरची केंद्राची ७,५०० डॉलरची सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपली, त्यामुळे जुने हिशेब वाचून जाऊ नका.

हौद्याची लांबी मात्र थांबून ठरवा. प्लायवूड ४ बाय ८ फुटी असतं. फुल-साइजमध्ये ते दोन चाकांच्या फुगवट्यांमध्ये सपाट बसतं. साडेपाच फुटी हौद्यातून मागचा फळका पाडूनही थोडं बाहेर लटकतं, पण चालतं. मॅव्हरिकमध्ये ते फुगवट्यांच्या वर ठेवायचं आणि मागचा फळका अर्धवट उघडा अडकवायचा, तशी सोय दिलेली आहे. आमच्या मंडळाचं मखर दोन वर्षं मॅव्हरिकमधूनच येतंय.

पंपावर एक सावधगिरी. आपल्याला हिरवा पाइप म्हणजे पेट्रोल अशी सवय. इथे हिरवी मूठ बहुतेक ठिकाणी डिझेलची असते. रंग बघू नका, अक्षरं वाचा. काही पंपांवर ई-८५, म्हणजे भरपूर इथेनॉल मिसळलेला गॅस, स्वस्तात मिळतं. फ्लेक्स-फ्युएल लिहिलेल्या ट्रकला ते चालतं, पण त्यावर ॲव्हरेज १५ ते २७ टक्क्यांनी पडतं. भावातला फरक त्याहून मोठा असेल तरच घ्या.

घेतल्यावर

डॅशबोर्डवरचा एमपीजी थोडा लाडका असतो, मालकाला खूश ठेवतो. खरं ॲव्हरेज आपल्या बाबांच्या पद्धतीनेच काढा: टाकी फुल्ल, ट्रिप मीटर शून्यावर, पुढची टाकी फुल्ल, मैल भागिले गॅलन. तीन टाक्यांची सरासरी घ्या. हायवेवर ७५ ऐवजी ६५ ने चाललात तर फरक पहिल्याच टाकीत दिसतो, कारण ट्रकची ती चौकोनी छाती वेग वाढला की वाऱ्याशी भांडते.

आणि फोन यायला लागतील. ट्रकवाला घरात आला हे आठवड्यात सगळ्या मराठी मंडळाला कळतं. सोफा, गादी, ढोल-ताशा पथकाचे ढोल, विसर्जनाची मूर्ती, काहीही. ट्रक द्या, पण किल्ली देण्याआधी विम्याच्या एजंटला एक फोन करा. इथे विमा साधारणपणे गाडीच्या मागे जातो, चालवणाऱ्याच्या नाही. मित्राने ठोकला तर दावा आधी तुमच्या पॉलिसीवर आणि हप्ताही तुमचाच वाढणार. मी किल्ली देत नाही, ड्रायव्हरसकट ट्रक देतो. त्या बदल्यात ढोल चढवायला चौघे आणि नंतरची मिसळ, हा आमच्याकडचा दर आहे.